आठशे नंबरचा कागद

बेचाळीस वर्षांच्या बाईला बारकी म्हणू नये, एवढं कुणालाही कळतं. तिच्या घरच्यांना तेवढं सोडून बाकी सगळं कळायचं. दोन भावंडांत ती धाकटी, म्हणून बारकी. पुढे ती उंचीने दादाच्या बरोबरीला आली, कानापाशी केस पांढरे झाले, चष्मा लागला, तरी बारकीच. अंगणात येणारी गिऱ्हाईकं मात्र तिला ताई म्हणत आणि ती आत गेली की आपसांत दिवेवाली म्हणत. हे दुसरं नाव तिच्या कानावर आलं होतं आणि तिला मनापासून आवडलं होतं. निदान ते तिनं स्वतः कमावलेलं होतं.

मोटार पाच-सात वर्षं उन्हात उभी राहिली की पुढच्या दिव्यांवर पिवळट साय धरते. लोक म्हणतात, काच खराब झाली. काच कसली, प्लास्टिक असतं ते, आणि ऊन त्याच्यावरचा लेप खाऊन टाकतं. मग आतला दिवा कितीही पेटो, रस्त्यावर उजेड म्हणून पडायचा तो नावापुरता. नवा दिवा घ्यायचा तर खिशाला भोक पडतं. बारकीच्या अंगणात तोच जुना दिवा दोन-अडीच तासांत लख्ख होऊन मिळे.

हे ती कुठे शिकली नव्हती. ती अकरा वर्षं चष्म्याच्या दुकानात होती. भिंगं घासून फ्रेमीत बसवायची, चरा दिसला की बोटाच्या टोकानं ओळखायची. एक दिवस बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि जिभेचं अर्धं बोलणंही गेलं. दादा तीन तासांवरच्या गावी राहायचा, मध्ये घाट. त्यानं फोनवरून ठरवून टाकलं की बारकीनं थोडे दिवस नोकरी सोडावी. ठरवणारा तो, सोडणारी ही. त्या थोड्या दिवसांना आता सहा वर्षं झाली होती.

बाबांनी आयुष्यभर एका कचेरीत साहेबांची गाडी चालवली. हाक मारता येईना म्हणून त्यांनीच डाव्या हातानं खुणा करून करून एक युक्ती सुचवली. त्यांची स्वतःची जुनी गाडी अंगणात उभी होती. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियननं तिचा हॉर्न आणि बॅटरी काढली, हॉर्न खाटेच्या कडेला स्क्रूनं आवळून बसवला आणि बटण बाबांच्या डाव्या अंगठ्याखाली दिलं. एकदा वाजला तर पाणी, दोनदा वाजला तर लघवीचं भांडं. लांबलचक वाजला तर ये, हातातलं टाकून ये. त्या दिवसापासून अंगणातली गाडी मुकी झाली आणि घर बोलायला लागलं.

पहिले काही दिवस आजूबाजूचे लोक दचकून रस्त्याच्या कडेला व्हायचे. पुढे त्यांना सवय झाली. बारकीला मात्र झाली नाही. हॉर्न वाजला की तिच्या हातातलं सुटायचं, ते सहा वर्षांनीही तसंच. कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत तो ऐकू जाई, म्हणून ती बसथांब्यापर्यंतच जायची. त्याच्या अलीकडे वाणी होता, औषधांचं दुकान होतं, भाजीची गाडी होती, म्हणजे तसं सगळं होतं. समोरच्या शिवणवाल्या काकू तासभर बाबांजवळ बसायच्या, पण त्यांच्याच कंबरेचं दुखणं. बाबांना कुशीवर वळवणं त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं. लांब हॉर्न दिवसातून बारा-पंधरा वेळा वाजायचा. धावत जावं तर बाबा छताकडे बघत पडलेले. काय हवंय विचारलं की मान हलवून काही नाही म्हणायचे. ती कुठे गेली तर नाही ना, एवढंच त्यांना बघायचं असायचं. तिला राग यायचा, आणि राग आला म्हणून स्वतःची लाज वाटायची, आणि त्या दोन्हीसकट ती परत अंगणात यायची.

अशाच एका दुपारी, राग कुठे काढावा ते न कळून, तिनं बाबांच्या त्या मुक्या गाडीचा पिवळा दिवा टूथपेस्टनं खसाखसा घासला. दिवा उजळला. ती चकितच झाली. महिन्याभरात तो पहिल्यापेक्षा जास्त पिवळा झाला, तेव्हा तिला कळलं की नुसतं घासून भागत नाही, गेलेला लेप परत द्यावा लागतो. मग तिनं चुकत-माकत सगळं बसवलं. आधी दिवा धुवायचा, भोवतीच्या रंगाला कागदी टेप लावायची. मग पाण्यात भिजवलेला आठशे नंबरचा पॉलिश पेपर, मग बाराशेचा, मग दोन हजारचा, मग तीन हजारचा, दर वेळी आधीचे चरे जाईपर्यंत. मग पॉलिशचं मलम आणि ड्रिलला लावलेला फोमचा गोळा. शेवटी लॅकरचा, म्हणजे नव्या पारदर्शक लेपाचा, एकच हात, एकाच दिशेनं, मागे न वळता. मागे वळलात तर पट्टा उठतो आणि पहिल्यापासून सगळं परत.

या कामातली खरी गंमत पहिल्याच कागदात आहे. आठशेचा कागद फिरला की दिवा सुधारायचा सोडून बिघडतो. पिवळा होता तो पांढराफट्ट होतो, दुधाच्या पिशवीसारखा, आणि त्यातून काडीचा उजेड बाहेर येत नाही. नवं गिऱ्हाईक तेव्हा हमखास हादरतं. एक शाळामास्तर तर पायरीवर बसून डोळे पुसायला लागले होते, कारण गाडी मेव्हण्याची मागून आणलेली होती. तेव्हापासून बारकी आधीच सांगून टाकायची, "आता हा पार आंधळा होणार आहे. घाबरायचं नाही आणि मध्येच गाडी घेऊन जायचं नाही." लोक हसायचे आणि तरीही घाबरायचे.

कोपऱ्यावरचा टॅक्सीवाला तिचं पहिलं गिऱ्हाईक. त्याच्याच दिव्यांवरून पुढची गोष्ट घडली. तो एक प्रवासी घेऊन मोठ्या गावी गेला असताना तिथल्या बस डेपोच्या फोरमननं त्याचे दिवे पाहिले. एवढ्या जुन्या गाडीला नवे दिवे कुठून मिळाले, म्हणून विचारलं. नवे नाहीत, आमच्या ताईनं घासलेत, असं टॅक्सीवाल्यानं छाती फुगवून सांगितलं. डेपोत चाळीस बसगाड्या, सगळ्यांचे दिवे पिवळे. फोरमननं निरोप पाठवला की बाईंनी एकदा यावं, त्याच्यासमोर एका बसचा दिवा करून दाखवावा. जमलं तर कायमची जागा. इतकंच नाही, तर बसचे दिवे सुटे करून तिच्या गावच्या गाडीनं पाठवता येतील, आठवड्यातून एकदाच डेपोत आलं तरी चालेल.

बारकीनं तो निरोप टॅक्सीवाल्याकडून तीनदा वदवून घेतला. पगार म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर साडी आली नाही की दागिना आला नाही. दिवसभराची एक दणकट बाई आली, बाबांना कुशीवर वळवू शकणारी. आणि बसथांब्याच्या पलीकडचा रस्ता आला.

अडचण एका रात्रीची होती. डेपो साडेतीन तासांवर. शनिवारी साडेचारची बस धरायची, चष्म्याच्या दुकानातल्या जुन्या मैत्रिणीकडे मुक्काम करायचा, रविवारी आठला दिवा करून दाखवायचा आणि तीनपर्यंत परत. तेवढा वेळ बाबांजवळ कुणी हवं. कुणी म्हणजे दादा, दुसरं कोण होतं? दादा फोनवर हो म्हणाला. दादा फोनवर नेहमीच हो म्हणायचा, तो त्याचा स्वभावच होता. पहिल्या शनिवारी तो आलाच नाही, मुलाची परीक्षा निघाली. दुसऱ्या शनिवारी आला, तासभर बसला, बारकी आत साडी बदलत असताना गाडी चालू झाल्याचा आवाज तिनं ऐकला. ती पदर सावरत बाहेर आली तोवर गेटही त्यानं लावून घेतलं होतं. घाटातून फोन आला, की अर्जंट काम निघालं, तुला हाक मारली होती, तुला ऐकू आलं नसेल. सहा वर्षं हॉर्न ऐकणाऱ्या बाईला हाक ऐकू आली नाही म्हणे. तिनं साडी सोडून घडी घातली आणि बाबांना जेवण भरवलं.

फोरमननं मग शेवटचा रविवार दिला. त्यानंतर सोमवारपासून दुसरा माणूस येणार होता.

त्या शनिवारी दादा चक्क अडीचलाच आला. बारकीची पिशवी दाराआड तयार होती. चारी कागद, टेप, मलम, फोमचा गोळा, लॅकरची बाटली फडक्यात गुंडाळून, वर एक साडी. बाबांच्या औषधांच्या वेळा तिनं मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवल्या होत्या. तिनं चहा केला. दादानं चहा पिता पिता सांगितलं की त्याला पाचला निघावंच लागेल, वहिनीचे आई-वडील यायचेत आणि घरात तो नसला तर बरं दिसत नाही. "पुढच्या आठवड्यात बघू गं. डेपो काय पळून चाललाय?" असं म्हणून त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, की सोमवारी सकाळी त्याच्या गाडीची तपासणी आहे, मागच्या वेळी दिव्यांवरूनच परत पाठवली, तेव्हा आलोच आहे तर तेवढे दिवे पुसून दे.

पुसून दे. बारकी भांडणारी बाई नव्हती. लहानपणापासून दादा बोलायचा आणि ती ऐकायची, आणि आता तर ऐकण्यात तिचा हात कुणी धरला नसता. त्याच्या तोंडून पुढच्या आठवड्याचं नाव ऐकलं तेव्हाच तिच्या आतलं सगळं खाली बसलं होतं. हे असंच चालायचं, बाबा असेपर्यंत आणि कदाचित नंतरही, असं तिला स्पष्ट दिसलं. रडू आलं नाही. तिनं पिशवीतून वरची साडी काढून ठेवली, आठशेचा कागद काढला, बादली भरली आणि पिशवी घेऊन अंगणात गेली.

दादाची गाडी मुक्या गाडीच्या शेजारी उभी होती. तिनं टेप लावली आणि डाव्या दिव्यापासून सुरुवात केली. हात आपोआप चालत होता. पिवळं पाणी बंपरवरून ओघळायला लागलं. डावा पांढरा झाला, मग उजवा पांढरा झाला. मध्ये दादा दारात येऊन किती वेळ लागेल ते विचारून गेला आणि आत सोफ्यावर आडवा झाला.

तेवढ्यात हॉर्न वाजला. लांबलचक. बारकीचे हात कोपरापर्यंत बरबटलेले होते. हॉर्न थांबला आणि पुन्हा वाजला. बाबांची खाट सोफ्यापासून सहा पावलांवर होती, तिनं एकदा सतरंजी घालताना मोजली होती. आतून दादाचा आवाज आला, झोपेनं जडावलेला.

"बारके, हॉर्न वाजतोय बघ."

तिनं हात धुतले, आत गेली. दादानं तिला वाट द्यायला पाय तेवढे आखडून घेतले. बाबांना काही नको होतं. तिनं उशी सारखी केली, पाणी विचारलं, त्यांनी मान हलवली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ती परत अंगणात आली आणि बाराशेचा कागद पाण्यात बुडवला.

आणि मग ती दिव्यांकडे बघत उभी राहिली. दोन्ही दिवे पार आंधळे. थंडीचे दिवस, सहाला अंधार. पाचला निघाला काय किंवा आत्ता निघाला काय, दोन तासांवरचा घाट त्याला काळोखातच लागणार होता, आणि या दिव्यांनी घाट उतरायचं धाडस दादासारखा जिवाला जपणारा माणूस करणार नव्हता. सकाळी उजेडात पळून जायला कुणी अडवलं नव्हतं, पण सोमवारची तपासणी होती, रविवारी सगळी दुकानं बंद, आणि बाराशेपासून लॅकरपर्यंतचं काम उभ्या गावात एकाच बाईला येत होतं. हे तिनं ठरवून केलं नव्हतं. पण झालेलं तिच्यासमोर होतं आणि फक्त तिथेच थांबायचं होतं.

तिला भीती वाटली, हे मी काही झाकून ठेवत नाही. बाबांचं भांडं दादाला जमेल का, औषधं चुकवेल का, घास अडकला तर. मग तिला आठवलं की तिलाही काही येत नव्हतं. पहिल्या दिवशी तिनंही बाबांना भरवताना अर्धी पेज उशीवर सांडली होती, आणि तिला शिकवायला कुणी आलं नव्हतं.

तिनं दोन्ही कागद झटकले, टेपसकट पिशवीत टाकले. साडी बदलायला ती आत गेलीच नाही. होती त्याच साडीचा पदर खोचला, समोरच्या काकूंना हाक मारून सांगितलं की बाबांजवळ दादा आहे, पण अधूनमधून डोकवा. मग दारात जाऊन दादाला उठवलं.

"मी निघते. उद्या तीनला येते."

तो उठून बसला. डोळे चोळत म्हणाला, अगं मी सांगितलं ना, मला पाचला निघायचंय. ती म्हणाली, गाडी बघून ये. तो चपला न घालताच अंगणात गेला आणि दिव्यांसमोर थिजला. वाकून बघितलं, बोट फिरवलं, शर्टाच्या बाहीनं पुसलं. पुसून जाण्यासारखं ते नव्हतं. त्यानं किल्ली लावून दिवे पेटवून बघितले. पेटलेत की नाही ते बोनेटला वळसा घालून जवळ येऊन बघावं लागलं.

"हे काय करून ठेवलंस तू?"

"घाबरायचं नाही," बारकी म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडात बसलेलं होतं. "असं होतं मध्ये. उद्या आले की पुढचं करते, सोमवारी पास होशील. बाबांना साडेसातला गोळी आहे, पेजेबरोबर. भरवताना मान वर धर. सगळं फ्रीजवर लिहिलंय."

दादा आधी चिडला, मग समजुतीवर आला, मग वहिनीच्या आई-वडिलांवर गेला. बाबांचा तरी विचार कर, असंही म्हणून झालं. बारकी बाबांच्या खाटेपाशी गेली आणि त्यांना सांगितलं की उद्या दुपारी येते, तोवर दादा आहे. बाबांनी तिची मनगटाजवळची बांगडी डाव्या हातात पकडली. बराच वेळ सोडली नाही. तिनं एकेक बोट उचलून हात सोडवला, आणि ते करताना तिला आपण फार वाईट आहोत असं वाटत होतं. घड्याळात चार वाजून पंचवीस झाले होते.

ती गेटमधून बाहेर पडली आणि भराभर चालायला लागली. वाण्याच्या दुकानाशी पोचली आणि मागून हॉर्न वाजला. लांब. तिचे पाय जागच्या जागी रुतले. सहा वर्षांत या हॉर्नवर ती वळली नाही असं एकदाही झालं नव्हतं. वाण्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं, मग घराकडे बघितलं. हॉर्न थांबला, पुन्हा सुरू झाला. ती चालायला लागली. औषधांचं दुकान मागे पडलं, भाजीची गाडी मागे पडली, हॉर्न वाजतच होता, तुटत तुटत, अंगठा दमला की थांबायचा आणि परत. बसथांब्यावर ती खांबाला धरून उभी राहिली. कोपऱ्यावरून बस वळताना दिसली, तिचे दोन्ही दिवे पिवळे. बारकीनं मनातल्या मनात ठरवून टाकलं की बस थांबेपर्यंत हॉर्न वाजत राहिला तर आपण परत जायचं. दुसरं काही आपल्याला जमणार नाही.

बस थांबली. दार उघडलं. हॉर्न एकदा आखूड वाजला, पाण्याचा. आणि मग वाजला नाही. बारकी कान देऊन उभी राहिली. कंडक्टरनं विचारलं, ताई, यायचंय ना? तिनं अजून थोडं ऐकलं. घरात कुणीतरी उठून सहा पावलं चालत गेलं होतं.

ती बसमध्ये चढली.